नंदुरबार जिल्ह्यातील पक्षीनिरीक्षण पर्यटन व रानपिंगळ्याचा अधिवास

प्रस्तावना :
महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केल्यानंतर वाहनातच मुक्काम करून निसर्ग पाहण्याच्या कल्पनेस राज्यात चालना मिळाली. तोरणमाळ व यशवंत तलावाचा परिसर अशा पर्यटनास अनुकूल वाटतो. तथापि, सातपुड्याच्या पायथ्याचे वन हे रानपिंगळ्याचे घर असल्याने या प्रश्नाचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा एकही विश्वसनीय नमुना मिळाला नाही. कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे तो मिळविल्याचा केलेला दावा पुढे खोटा ठरला. तो नमुना मुळात जुन्या संग्रहातून चोरलेला होता. पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांनी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा शोधून काढला. त्यासाठी मांडवीची खोटी नोंद बाजूला ठेवून जुन्या अस्सल नमुन्यांच्या स्थळांचा मागोवा घेण्यात आला होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला, म्हणजे हा शोध जिल्ह्याहूनही जुना आहे.

अधिवास व पर्यटन :
रानपिंगळा विरळ, शुष्क पानझडी सागवनात राहतो, दिवसाही शिकार करतो आणि झाडांच्या ढोलीत घरटे करतो. पाणथळ जागेवरील निरीक्षणाचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. नांदूर मध्यमेश्वर (२०१९ पासून रामसर क्षेत्र) येथे स्थलांतरित पक्ष्यांचे थवे दुरूनही दिसतात. रानपिंगळा मात्र आपल्या ठरावीक क्षेत्राला बांधलेला असतो. ध्वनिमुद्रित हाक वाजविल्यास तो प्रतिस्पर्धी आल्याच्या समजुतीने प्रत्युत्तर देतो. हे वारंवार घडल्यास शिकारीचा व पिलांच्या संगोपनाचा वेळ वाया जातो. छायाचित्रासाठी घरट्यानजीक थांबणेही तितकेच घातक आहे.

समारोप :
वाहनतळ व मुक्काम गावालगत ठेवणे, वनात पायी व लहान गटाने जाणे, घरट्यांची स्थळे गुप्त राखणे आणि स्थानिक भिल्ल व पावरा युवकांना मार्गदर्शक म्हणून प्रशिक्षण देणे, हे उपाय व्यवहार्य आहेत. ढोलीचे जुने झाड उभे राखण्यात गावाचे हित गुंतले, तरच शतकाहून अधिक काळ हरवलेला हा पक्षी पुन्हा हरवणार नाही.