देणगीतून शाळा उभी राहते, पण शिक्षकांचा पगार कुठून येतो?

समजा, भिवंडीच्या कामतघरमध्ये एखाद्या ट्रस्टने शाळा काढली. भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं शहर. मागावरच्या अनेक कामगारांची मजुरी विणलेल्या कापडावर ठरते, आणि माग बंद तर मजुरीही बंद. देणगीदाराने इमारत बांधली, बाकं दिली, नावाची पाटी लागली. इथपर्यंत सोपं असतं. इमारतीला पैसे एकदाच लागतात, शिक्षकांना दर महिन्याला.

हिशोब करून बघू

सोपे आकडे धरू. 10 शिक्षक, प्रत्येकी 25 हजार पगार, म्हणजे वर्षाला 30 लाख. मुलं 300 असतील तर प्रत्येकाची फी 10 हजार. त्यातल्या निम्म्यांना ती परवडली नाही, तर उरलेल्यांना 20 हजार. फी वाढली की आधी गळतात ती मागावरच्या कामगारांची मुलं. शाळा स्वतःच्या पायावर उभी राहते खरी, पण ज्यांच्यासाठी काढली ती मुलं तिथे नसतात.

मग बँकेत कायम ठेव ठेवून व्याजावर चालवायची? 7 टक्के व्याज धरलं तरी 30 लाखांसाठी जवळपास 4 कोटी 29 लाखांची ठेव लागेल. पगार दरवर्षी वाढणार, ठेव तेवढीच राहणार.

भाऊरावांनी काय केलं होतं?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 4 ऑक्टोबर 1919 ला कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, जेवायची. पैसे कुणाकडेच नव्हते, म्हणून मुलंच शेतात राबायची, स्वयंपाक करायची. 'कमवा आणि शिका' म्हणतात ते हेच. त्याला जोड होती मुष्टिफंडाची. बायका रोजच्या दळणातून मूठभर धान्य बाजूला काढायच्या, ते वसतिगृहात जायचं. एका बड्या देणगीदारापेक्षा शेकडो घरांची मूठ जास्त भरवशाची, हे भाऊरावांना बरोबर कळलं होतं.

तरी ते पुरलं नाही. मुलांना जेवू घालायला भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना अंगावरचे दागिने मोडावे लागले. मंगळसूत्रही गेलं.

आणि एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. श्रम आणि धान्य यांतून राहण्याजेवणाचा खर्च भागायचा. संस्थेचं जाळं राज्यभर पसरलं तेव्हा शिक्षकांच्या पगाराचा मोठा भार सरकारी अनुदानाने उचलला. त्यालाही किंमत होती. 1948 च्या सुमारास सरकारने रयतचं अनुदान थांबवलं होतं. पुढे ते पुन्हा सुरू झालं.

आज ते जमेल का?

जसंच्या तसं नाही. 14 वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला 2016 च्या कायद्यातल्या दुरुस्तीने जवळपास पूर्ण बंदी आहे. म्हणून 'कमवा आणि शिका' आता प्रामुख्याने कॉलेजांत दिसते.

मोठ्या मुलांसाठी पॅराग्वेमधलं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. 2002 च्या सुमारास तिथल्या 'फुंदासिओन पाराग्वाया' या संस्थेने एक डबघाईला आलेली निवासी शेतकी शाळा हाती घेतली. विद्यार्थी शेती, दुग्धव्यवसाय, छोटं हॉटेल चालवायला शिकतात आणि तिथल्या विक्रीतून शाळेचा खर्च निघतो. पाचेक वर्षांत शाळा स्वतःचा खर्च भागवू लागली. पण त्यांच्याकडे जमीन होती, आणि विकलं जाणारं उत्पादन हाच तिथला अभ्यासक्रम होता. कामतघरमध्ये पहिलीच्या वर्गातून काय विकणार?

महाराष्ट्रात नव्या शाळेपुढे आणखी एक अडचण आहे. 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याखाली परवानगी घेतली, तर सरकारी अनुदान मागता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के जागांची प्रतिपूर्ती सरकार देतं, पण ती वेळेवर मिळत नाही, ही शाळांची जुनीच तक्रार.

म्हणजे अशा ट्रस्टला पाटी लावण्याआधीच हे ठरवावं लागतं: फी किती घरांना झेपेल, उरलेल्या मुलांचा खर्च कोण देईल आणि किती वर्षं. त्यासाठी एका मोठ्या चेकपेक्षा माजी विद्यार्थी, दुकानदार, कारखानदार यांच्याकडून दर महिन्याला येणारे पाचशे-हजार रुपये जास्त कामाचे.