राजीनाम्याआधीचा हिशेब

विधिमंडळाचे अथवा संसदेचे अधिवेशन भरावे आणि कोणाच्याच राजीनाम्याची मागणी होऊ नये, असे आता सहसा घडत नाही. कधी मंत्र्याचा, कधी एखाद्या खात्याच्या सचिवाचा, कधी पोलीसप्रमुखाचा राजीनामा मागितला जातो. घोषणा होतात, फलक झळकतात, सदस्य अध्यक्षांच्या आसनासमोरील मोकळ्या जागेत उतरतात आणि कामकाज तहकूब होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. ज्या व्यवहारावरून हा गदारोळ झाला तो व्यवहार नेमका काय होता, त्यात पैसा कोणाचा गेला, कोणी कोणाला काय आदेश दिला, हे मात्र सभागृहाच्या कार्यवृत्तात शोधूनही सापडत नाही. राजीनाम्याच्या मागणीचे मोल उतरले आहे ते या कारणाने. मागणी करणाऱ्यांचे हेतू वाईट असतात असे नव्हे. पण हिशेब मागण्याचे कष्ट टाळून थेट शिक्षेची मागणी केली की ज्याच्याकडून हिशेब घ्यायचा त्याचेच काम सोपे होते.

त्यातही मागणी सनदी अधिकाऱ्याच्या राजीनाम्याची असेल, तर आणखी एक घोळ होतो. सचिव कितीही बडा असला तरी तो सभागृहाला उत्तरदायी नाही. घटनेच्या ७५ व्या कलमाने लोकसभेला आणि १६४ व्या कलमाने विधानसभेला जबाबदार धरले आहे ते मंत्रिमंडळाला. अधिकाऱ्याच्या सेवेचे रक्षण ३११ वे कलम करते. रीतसर चौकशीवाचून त्याला बडतर्फ करता येत नाही. सभागृहात उभे राहून स्वतःची बाजू मांडण्याची सोय त्याला नाही, म्हणूनच तेथे त्याचे नाव घेऊन आरोप करू नयेत असा संकेत आहे. अधिकारी मंत्र्याला उत्तर देतो आणि मंत्री सभागृहाला, अशी ही साखळी आहे. कागदावर ती मोठी नेटकी दिसते. प्रत्यक्षात मंत्री म्हणतो, ‘हे सचिवाने केले’, आणि सचिव म्हणतो, ‘मंत्र्यांना हे ठाऊक होते.’ अशा वेळी सभागृहाने कोणाला धरायचे? या प्रश्नाचा स्वतंत्र भारतातील पहिला मोठा निवाडा १९५८ साली मुंबईत झाला. तो ज्या पैशामुळे झाला तो पैसा तुमच्याआमच्यासारख्या मासिक पगारावर जगणाऱ्यांचा होता.

आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला १९ जानेवारी १९५६ रोजी. त्या वेळी अर्थमंत्री होते श्री. चिंतामणराव देशमुख. खाजगी विमा कंपन्यांचे चालक विमेदारांचा पैसा आपल्या अन्य उद्योगांत कसा फिरवतात, याची उदाहरणे त्याच सुमारास पुढे आली होती. १९५५ च्या डिसेंबरात लोकसभेत या विषयावर घणाघाती भाषण करणारे सदस्य होते श्री. फिरोज गांधी. देशी, विदेशी कंपन्या आणि भविष्यनिर्वाह संस्था मिळून २४५ संस्थांचा कारभार एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. तोवर मुंबईच्या प्रश्नावर देशमुख मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते आणि त्यांच्या जागी श्री. टी. टी. कृष्णम्माचारी आले होते. शाळामास्तर, कारकून, रेल्वेतला कर्मचारी असे लोक पोटाला चिमटा घेऊन विम्याचा हप्ता भरीत, आणि आता तो पैसा सरकारच्या छत्राखाली आला म्हणून निश्चिंत झाले होते. विम्याच्या रकमेची हमी कायद्यानेच सरकारने घेतली होती. त्याच कायद्यात आणखी एक कलम होते: सार्वजनिक हिताच्या धोरणविषयक बाबतीत सरकार महामंडळाला आदेश देऊ शकेल, मात्र तो लेखी असला पाहिजे. ‘लेखी’ हा एक शब्द पुढे फार महत्त्वाचा ठरला.

महामंडळाला वर्षही पुरे झाले नव्हते. १९५७ च्या जूनमध्ये त्याने कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर एका सपाट्यात विकत घेतले. जेसप, ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन, स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, ऑस्लर लॅम्प, अँजेलो ब्रदर्स आणि भायखळ्याच्या कारखान्यामुळे मुंबईकरांच्या परिचयाची रिचर्डसन अँड क्रुडास, अशा या सहा कंपन्या. मुंदडा त्या वेळी कर्जात बुडत चालले होते. शेअर त्यांच्याचकडून आले आणि काहींना तर बाजारभावापेक्षा अधिक किंमत मोजली गेली. महामंडळाचा पैसा कोठे गुंतवावा याचा सल्ला देण्यासाठी नेमलेल्या गुंतवणूक समितीला आधी विचारलेही गेले नाही. सरकारचा लेखी आदेश तर नव्हताच. कलकत्त्याचा शेअरबाजार सावरण्यासाठी ही खरेदी झाली, असे समर्थन पुढे करण्यात आले.

त्यानंतर जे झाले ते आजच्या सदस्यांनी मुळातून वाचावे असे आहे. प्रथम कोणी राजीनामा मागितला नाही. प्रथम प्रश्न विचारले गेले. सप्टेंबरात डॉ. राम सुभग सिंग आणि फिरोज गांधी यांनी लोकसभेत हा विषय काढला. उत्तरे मोघम आली. नोव्हेंबरात पुन्हा प्रश्न आले, पुन्हा तशीच उत्तरे. मोघम उत्तर मिळाले म्हणून गांधी बाके वाजवीत बसले नाहीत. शेअरचे कोणत्या दिवशीचे काय भाव होते, महामंडळाने काय भाव दिला, हे त्यांनी गोळा केले. १६ डिसेंबर १९५७ रोजी ते चर्चेसाठी उभे राहिले तेव्हा त्यांच्याजवळ तारखा होत्या आणि आकडे होते. आणि ते बसले होते काँग्रेसच्या म्हणजे सत्ताधारी पक्षाच्या बाकांवर. पंतप्रधान पंडित नेहरू हे त्यांचे सासरे. घरचे आणि पक्षाचे दोन्ही संबंध बाजूला ठेवून त्यांनी आपल्याच सरकारकडे सार्वजनिक पैशाचा जाब मागितला. विरोधकाने केलेल्या आरोपाला ‘राजकारण’ म्हणून झटकता येते. या आरोपाला ते लेबल चिकटेना.

सरकारने चौकशी मान्य केली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश न्या. छागला यांचा एकसदस्य आयोग १९५८ च्या जानेवारीत नेमला गेला आणि चौकशी मुंबईत, खुलेआम झाली. ती ऐकायला इतकी गर्दी लोटली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. देशाचा अर्थमंत्री, अर्थखात्याचा प्रमुख सचिव, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, स्टेट बँकेचे अध्यक्ष एकामागून एक साक्षीला येत होते. प्रश्न विचारायला अॅटर्नी जनरल श्री. सेटलवाड होते. १० फेब्रुवारीला अहवाल तयार झाला. मुदतवाढीवर मुदतवाढ घेत वर्षानुवर्षे चालणारे चौकशी आयोग पाहण्याची सवय झालेल्या वाचकाला ही तारीख छपाईची चूक वाटेल. ती चूक नाही.

चौकशीचा गाभा नेमका मघाच्या प्रश्नाशी येऊन थांबला. खरेदीचा निर्णय प्रत्यक्षात हाताळला होता तो प्रमुख सचिव श्री. एच. एम. पटेल यांनी. फाळणीच्या वेळी दोन देशांमध्ये मालमत्तेची वाटणी करण्याच्या अवघड कामात ज्यांनी नाव मिळवले, असे हे कर्तबगार आय. सी. एस. अधिकारी. आपण मंत्र्यांच्या संमतीने वागलो, असे पटेल सांगत होते. आपण अशी संमती दिली नव्हती, असे कृष्णम्माचारींचे म्हणणे होते. छागलांनी बाजार सावरण्याची सबब मानली नाही. व्यवहार झाला तो मुंदडांना हात देण्यासाठी, असे त्यांचे मत झाले. पटेल यांच्यावरही त्यांनी ताशेरे ओढले. पण घटनेच्या दृष्टीने उत्तरदायित्व मंत्र्याचेच आहे, सचिवाच्या कृतीआड मंत्र्याला उभे राहता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट नोंदवले. व्यवहार कळल्यावर मंत्र्यांनी तो झिडकारला नव्हता, हीही गोष्ट होतीच. त्याच महिन्यात कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. अंदाजपत्रक दोन आठवड्यांवर आले होते. ते २८ फेब्रुवारी १९५८ रोजी स्वतः नेहरूंनी मांडले.

नेहरूंना हा सारा प्रकार रुचला नव्हता. राजीनामा स्वीकारताना त्यांनी या प्रकरणात कृष्णम्माचारींचा वाटा सर्वांत थोडा असल्याची आपली खात्री बोलून दाखवली. त्यांच्या नाराजीत तथ्य अगदीच नव्हते असे म्हणता येत नाही. खुल्या चौकशीत गर्दीचे हुंकार साक्षीदाराभोवती घुमत राहतात, आणि तेथे माणसाची प्रतिष्ठा निकालाआधीच निकालात निघू शकते. तरीही बंद दाराआड अहवाल झाला असता तर विमेदाराला काय कळले असते? आपल्या पैशाचा कागद कोणाच्या मेजावरून कोणाच्या मेजावर गेला, हे सामान्य नागरिकाला त्या काही दिवसांत प्रथमच ऐकायला मिळाले. राजीनामा हा त्या हिशेबाचा शेवटचा आकडा होता.

उलट उदाहरण चारच वर्षांनी घडले. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले आणि संरक्षणमंत्री श्री. कृष्ण मेनन यांच्या राजीनाम्याची मागणी खुद्द काँग्रेसच्या खासदारांतून उसळली. नेहरूंनी प्रथम त्यांचे खाते बदलून पाहिले, तेवढ्याने भागेना. ७ नोव्हेंबरला मेनन बाहेर पडले आणि यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला गेले. महाराष्ट्राला त्याचा सार्थ अभिमान वाटला. पराभवाची कारणे तपासण्यासाठी लष्कराने हेंडरसन ब्रुक्स यांच्याकरवी चौकशी करवली, तिच्या आधारे यशवंतरावांनी १९६३ च्या सप्टेंबरात संसदेत निवेदनही केले. परंतु मूळ अहवाल सरकारने आजतागायत अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. म्हणजे राजीनामा मिळाला, हिशेब मिळाला नाही. कोणत्या चुकीत मंत्र्याचा किती वाटा, सेनाधिकाऱ्यांचा किती, खुद्द पंतप्रधानांचा किती, याविषयी त्यामुळेच अजूनही वाद घालता येतो. राजीनामा घेऊन प्रकरण मिटवता येते, हा धडा राज्यकर्ते तेथे शिकले असावेत.

१९५७ ची ती चर्चा वाचकांपर्यंत निर्धास्तपणे पोचू शकली याला आणखी एक कारण होते, आणि त्याचा विसर पडू नये. संसदेच्या कामकाजाचा खरा वृत्तांत छापल्याबद्दल वर्तमानपत्रावर खटला भरता येऊ नये, असे विधेयक एका खाजगी सदस्याने मांडून १९५६ साली संमत करून घेतले होते. तो सदस्य फिरोज गांधीच. १९६० साली ते गेले. आणीबाणीत, १९७६ साली, त्यांच्या पत्नीच्या सरकारने तो कायदा रद्द केला. जनता राजवटीने १९७७ मध्ये तो पुन्हा आणला आणि पुढच्या वर्षी ४४ व्या घटनादुरुस्तीने त्या संरक्षणाला घटनेतच जागा मिळाली.

आज त्यांच्यासारखा सदस्य सत्ताधारी बाकांवरून उभा राहील काय? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने टीका करण्यास मनाई केलेली नाही. पक्षादेशाविरुद्ध मतदान केले अथवा पक्ष सोडला तरच सदस्यत्व जाते. पण ‘पक्ष सोडला’ याचा अर्थ सदस्याच्या वर्तनावरूनही काढता येतो, असे निर्णय झाले आहेत. मग उमेदवारीची आशा असलेला सदस्य कशाला धोका पत्करील? जे काम सत्ताधारी सदस्याने प्रश्न विचारून करावयाचे, ते विरोधकाच्या घोषणेवर पडते, आणि घोषणेला मोघम उत्तर देण्याचीही गरज मंत्र्याला उरत नाही. प्रश्नोत्तराचा तास गोंधळात बुडाला की सर्वांत निश्चिंत कोण असतो, ते सभागृहाच्या सज्जात बसणाऱ्या कोणत्याही सचिवाला विचारावे.

मुंदडा प्रकरणातील दोन मुख्य पात्रांचे पुढे काय झाले, हे सांगितले पाहिजे. कृष्णम्माचारी १९६२ साली मंत्रिमंडळात परतले, १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले आणि १९६५ च्या अखेरीस निराळ्या आरोपांवरून त्यांना दुसऱ्यांदा पायउतार व्हावे लागले. पटेल यांची न्या. व्हिव्हियन बोस यांच्या मंडळापुढे वेगळी चौकशी झाली. त्यांनी सनदी सेवा सोडली, गुजरातेत शिक्षणसंस्था आणि ग्रामविकासाचे काम केले आणि राजकारणात उतरून ते लोकसभेवर निवडून आले. १९७७ साली मोरारजीभाईंच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे अर्थखाते आले. नेहरूंनी ते अंदाजपत्रक मांडल्याला वीस वर्षे झाली त्याच तारखेला, २८ फेब्रुवारी १९७८ रोजी, पटेल लोकसभेत अर्थमंत्री म्हणून अंदाजपत्रक मांडायला उभे राहिले. सचिव असताना ज्या सभागृहात त्यांना एक शब्दही बोलता आला नव्हता, त्याच सभागृहाच्या प्रश्नांना आता त्यांनाच उत्तरे द्यावयाची होती.