घरी बांधलेली गाडी : एका बदलामागे येणारे बदल

प्रकल्प-गाडी म्हणजे काय

जुनी किंवा मोडकळीस आलेली गाडी विकत घ्यायची, ती पूर्ण उघडायची आणि आपल्या कल्पनेप्रमाणे पुन्हा उभी करायची, या उद्योगाला हौशी मंडळी ‘प्रोजेक्ट कार’ म्हणतात. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. गाडी मूळ रूपात परत आणणे हे जीर्णोद्धाराचे काम. इंजिन, पाटे, टायर, बॉडी बदलून तिला वेगळे यंत्र बनवणे हे रूपांतराचे काम. पहिल्या कामात कारखान्याच्या अभियंत्यांनी केलेले गणित आयते हाताशी असते. दुसऱ्या कामात ते गणित मोडते आणि घरच्या गॅरेजात नव्याने मांडावे लागते. या लेखात विचार दुसऱ्या प्रकाराचा आहे.

शहापूर-मुरबाडमध्ये जीपच का

ठाणे जिल्ह्याच्या या दोन तालुक्यांत प्रकल्पासाठी सहज सुचणारी गाडी म्हणजे जीप. शहापूरच्या वर कसारा घाट, मुरबाडच्या टोकाला माळशेज घाट, मध्ये भातसाचे खोरे आणि पाड्यांकडे जाणारे कच्चे रस्ते. मुख्य रस्त्यांवर काळी-पिवळी जीप ही अनेक वर्षे एसटीच्या जोडीची प्रवासी सोय राहिली. शिवाय कारखानदारीही दूर नाही. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. पुढे घाट चढताच लागणाऱ्या इगतपुरीत तिचा इंजिनांचा आणि नाशिकला गाड्यांचा कारखाना उभा राहिला. त्यामुळे या पट्ट्यातल्या मेस्त्रींचा हात जीपवर बसलेला असतो. जीपची रचनाही घरच्या कामाला सोयीची. शिडीसारखी स्वतंत्र चासी, तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी आणि खाली पाट्यांवर बसलेले अखंड ॲक्सल. आधुनिक मोटारीत बॉडी हाच सांगाडा असतो. तिथे पत्रा कापणे म्हणजे हाड कापणे.

देवराष्ट्रेची गाडी

महाराष्ट्रात घरी गाडी बांधण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे. तेथील कारागीर दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून छोटी चारचाकी तयार केली, खर्च सुमारे ६० हजार रुपये. स्टिअरिंग डाव्या बाजूला, आणि इंजिन दुचाकीसारखे किक मारून सुरू होणारे. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत सर्वत्र पसरली. महिंद्र समूहाचे आनंद महिंद्र यांनी कौशल्याचे कौतुक केले, पण ही गाडी नियमांत बसत नसल्याने कधी ना कधी ती रस्त्यावरून थांबवली जाईल, हेही त्याच वेळी नोंदवले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झाली. या कथेतला दिलदारपणा लोकांच्या लक्षात राहिला. तिच्यातली खरी तांत्रिक बाब मात्र मागे पडली. गाडी चालणे आणि गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य ठरणे, या दोन वेगळ्या कसोट्या आहेत.

टायर : साखळीची पहिली कडी

बहुतेक प्रकल्प टायरपासून सुरू होतात, कारण हा बदल सर्वांत सोपा आणि सर्वांत ठळक दिसणारा. समजा, मूळ टायर २१५/७५ आर १५ मापाचा आहे. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. यावरून टायरचा एकूण व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर निघतो. त्याजागी ३१ इंची टायर बसवला तर व्यास ७८७ मिलिमीटर होतो, म्हणजे जवळजवळ १२ टक्के अधिक.

या १२ टक्क्यांचे परिणाम पुढे कुठवर जातात ते पाहण्यासारखे आहे. ॲक्सल जमिनीपासून सुमारे ४२ मिलिमीटर वर उचलला जातो. हवा होता तो फायदा एवढाच. स्पीडोमीटर ६० दाखवत असताना प्रत्यक्ष वेग ६७ असतो आणि किलोमीटरची नोंद कमी पडते. चाक मोठे झाल्याने त्याच इंजिनाचा जमिनीवरचा जोर सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. ज्या चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये जात होती तिथे दुसरा टाकावा लागतो आणि क्लच अधिक घासतो. हा जोर परत मिळवायचा तर ॲक्सलमधले क्राउन-पिनियन बदलावे लागतात. मूळ गुणोत्तर ४.२७ असेल तर हिशेबाने ४.७८ हवे, जुन्या जीपमध्ये मिळणारे ४.८८ त्याच्या जवळचे. पण फोर-बाय-फोर गाडीत पुढचे आणि मागचे गुणोत्तर सारखेच असावे लागते. एकच ॲक्सल बदलला तर फोर-व्हील टाकताच दोन्ही ॲक्सल एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केस भरडला जातो. म्हणून चार टायर घेण्याचा निर्णय हा प्रत्यक्षात टायरांसोबत दोन ॲक्सल उघडण्याचा निर्णय असतो. टायरच्या दुकानात हे कोणी सांगत नाही.

उंची, पाटे आणि शाफ्ट

मोठा टायर मडगार्डला घासतो, म्हणून गाडी उचलावी लागते. जुन्या जीपमध्ये पाटे ॲक्सलच्या खाली बांधलेले असतात. ते वर बसवले की गाडी चार-पाच इंच उंच होते. स्वस्त आणि लोकप्रिय युक्ती. मात्र गिअरबॉक्स वर गेला आणि ॲक्सल खालीच राहिला, की दोहोंना जोडणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. शाफ्टच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरताना गती एकसमान देत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते, दोनदा घटते. १० अंशांच्या कोनात हा चढउतार जेमतेम दीड टक्का असतो, २० अंशांत सहा टक्क्यांवर जातो. दोन्ही टोकांचे कोन समान ठेवले तर एकाचा दोष दुसरा भरून काढतो. उचलताना ॲक्सल फिरला आणि कोन असमान झाले तर गाडी ठराविक वेगाला थरथरते आणि जॉइंट लवकर जातात.

स्टिअरिंगचा दांडाही असाच तिरका होतो. मग खड्ड्यात चाक वर उचलले गेले की स्टिअरिंग न फिरवताही गाडी बाजूला ओढते. तिसरा परिणाम गुरुत्वमध्याचा. गाडी कलंडण्याचा धोका दोन चाकांमधील अंतराचे निम्मे आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर ठरतो. उंची वाढली आणि अंतर तेच राहिले तर घाटाच्या वळणावर पूर्वीचा वेग सुरक्षित राहत नाही.

इंजिनाचा बदल

पेट्रोल जिप्सीत डिझेल इंजिन बसवणे हा नेहमीचा प्रयोग. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत अधिक पीळ देते. चिखलात आणि चढावर हेच हवे असते. तो पीळ सोसण्याइतका क्लच आणि गिअरबॉक्स मात्र असावा लागतो. इंजिन जड असल्याने पुढचे पाटे दबतात. रेडिएटर लहान पडतो आणि ते एप्रिलच्या दुपारी घाटातच कळते. इंधनाची परतीची नळी लागते, माउंटिंग नव्याने बनवावी लागते. कॉमन-रेल इंजिन असेल तर त्याचा संगणक, सेन्सर आणि वायरिंगही त्याच गाडीचे पूर्ण उचलून आणावे लागते. निम्मे वायरिंग जोडून चालवलेले असे इंजिन सहसा ‘लिंप मोड’मध्येच अडकते, म्हणजे स्वतःच्या बचावासाठी शक्ती आवळून धरते.

सर्वांत धोकादायक दुवा ब्रेकशी आहे. ब्रेकचा बूस्टर निर्वातावर चालतो. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये तो निर्वात आपोआप तयार होतो; डिझेलमध्ये होत नाही. म्हणून डिझेल गाडीत, बहुधा अल्टरनेटरला जोडलेला, वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. तो बसवायचा राहिला तर ब्रेक लागतो, पण पायात दुप्पट-तिप्पट जोर असावा लागतो.

ब्रेक आणि घाट

ब्रेक म्हणजे गाडीची ऊर्जा उष्णतेत बदलून हवेत सोडणारे साधन. दीड हजार किलोची गाडी ताशी ६० वेगावरून थांबली की सुमारे २०८ किलोजूल उष्णता तयार होते. तीच गाडी कसारा घाटात सुमारे ३०० मीटर खाली उतरली तर सुमारे ४,४०० किलोजूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजे एक घाट सुमारे २१ पूर्ण थांब्यांइतका, तेही मध्ये थंड व्हायला उसंत न देता. यातला मोठा वाटा खालच्या गिअरमध्ये इंजिनाने पेलायचा असतो. मोठा टायर इथेही आडवा येतो : त्याच ड्रमला १२ टक्के लांब तरफेविरुद्ध काम करावे लागते, आणि इंजिनाचा अवरोधही तेवढाच कमी पडतो.

कोकणच्या हवेचा एक परिणाम दुर्लक्षित राहतो. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. डॉट ३ प्रकारच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १४० अंश आहे. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जाते. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीतले ब्रेक ऑइल प्रकल्पाच्या सुरुवातीलाच बदलणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा टाळले जाणारे काम आहे.

पत्रा, वेल्डिंग आणि पावसाळा

जुन्या जीपचे खरे दुखणे चासीच्या पोकळ भागांत असते. चिखल आत साचतो, पाणी निघण्याची छिद्रे बुजतात आणि लोखंड आतून कुजते. बाहेरचा रंग शाबूत दिसतो. हातोडीने ठोकत गेले की आवाज बदलतो तिथे गंज असतो. पुट्टीने भरून रंगवलेली चासी ही खरेदीतली सर्वांत महाग स्वस्ताई.

वेल्डिंगमध्ये जोड मजबूत असूनही त्याच्या शेजारची पट्टी उष्णतेने कमकुवत होते आणि भेग तिथून सुरू होते. म्हणून चासीवरचा आडवा, सरळ जोड टाळून तिरका जोड किंवा माशाच्या आकाराची पट्टी लावतात, म्हणजे ताण एका रेषेत एकवटत नाही. गावाकडे विजेचा दाब खाली-वर होतो. त्याबरोबर वेल्डिंगचा प्रवाह बदलतो आणि वरून गुळगुळीत दिसणारा जोड आत मुरलेला नसतो. पावसाळ्यात आणखी एक अडचण. भारी जोडांसाठी वापरायचे लो-हायड्रोजन रॉड ओलावा धरतात; ते भट्टीत तापवून न घेता वापरले तर जोडात हायड्रोजन शिरून नंतर तडे जातात. घासून उघडा केलेला पत्रा या हवेत एका रात्रीत तांबूस होतो, त्यामुळे घासणे आणि प्रायमर ही एकाच दिवसाची कामे. चासी व पत्र्याचे काम दिवाळी ते मे यांत उरकावे. इंजिन आणि गिअरबॉक्स छपराखाली पावसातही उघडता येतात. उघडलेल्या गाडीखाली फक्त जॅकच्या भरवशावर कोणी जाऊ नये, लोखंडी घोड्या लावाव्यातच.

कायद्याची चौकट

आरसी बुकात इंजिन व चासी क्रमांक, इंधन, घनक्षमता, बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, व्हीलबेस आणि रंग यांची नोंद असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. सीएनजी किंवा विजेवर चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट आणि अपंग व्यक्तीसाठी केलेले रूपांतर यांना परवानगीने वाट आहे. त्याच जातीचे दुसरे इंजिन बसवले तरी क्रमांक बदलतो, म्हणून आधी मंजुरी आणि मग नोंद आवश्यक. ‘व्हिंटेज’ नोंदणीचा आडमार्गही बंदच आहे : २०२१ च्या नियमांनुसार ती ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठीच आहे.

या नियमांना केवळ नोकरशाहीचा हट्ट म्हणणे योग्य नाही. कारखान्याच्या प्रत्येक नमुन्याची पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत ब्रेक, प्रकाश, धूर यांबाबत चाचणी झालेली असते. वर दाखवलेली साखळी पाहता एक कडी बदलली की त्या चाचणीचा दाखला संपतो. न कळवलेल्या बदलामुळे विमा कंपनी अपघाताचा दावा नाकारू शकते, हे त्याचेच व्यावहारिक रूप.

बदललेल्या गाडीला जागा कोठे

खासगी आवार आणि स्पर्धा. गोव्यात २०१४ मध्ये सुरू झालेली ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही अशाच जबर बदललेल्या गाड्यांची पावसाळी स्पर्धा. अगदी शून्यापासून गाडी बांधायची तर अभियांत्रिकी विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून ‘बाहा एसएईइंडिया’ आहे; तिथे सांगाड्याचा आराखडा आणि ब्रेक तपासल्याशिवाय गाडी मैदानात उतरत नाही. अशी गाडी रस्त्यावरून चालवत न्यायची नसते. ती ट्रेलरवर किंवा टेम्पोत चढवून न्यावी लागते, आणि हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी धरायला हवा.

शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर रोज चालवायची असेल, तर सर्वांत उपयोगी प्रकल्प-गाडी ती, जिची चासी गंजमुक्त आहे, ब्रेक नवे आहेत, कूलिंग चोख आहे आणि टायर कारखान्याच्या मापाचे आहेत.