गाण्याची मात्रा

'मात्रा' हा शब्द वैद्यक आणि संगीत या दोन्ही घरी सारख्याच हक्काने नांदतो. तालात ती काळ मोजते, औषधात परिमाण. बालरोगशास्त्राचा पहिला पाठ या मात्रेचाच असतो. मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रतिकृती नव्हे. मोठ्यांच्या गोळीचे चार तुकडे केले म्हणून बाळाची मात्रा तयार होत नाही. नवजाताचे यकृत व मूत्रपिंड अजून परिपक्व झालेले नसतात, शरीरातील पाण्याचे प्रमाणही निराळे असते; तेथे हिशोब नव्याने मांडावा लागतो. एकाच गाण्याची निरनिराळी ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकण्याचा मला छंद आहे. त्या छंदातून हाच पाठ मला पुन्हा मिळाला. छोटे गाणे म्हणजे केवळ कात्री लावलेले मोठे गाणे नव्हे.

गाण्याला घड्याळ लावले ते तबकडीने. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन ग्रामोफोन कंपनीने मुद्रित केले, तेव्हापासून आपल्या गवयांना हे घड्याळ परिचयाचे झाले. पुढे रूढ झालेल्या ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. रंगभूमीवर बालगंधर्वांचे एकेक पद 'वन्स मोअर'च्या गजरात लांबत जाई. तेच पद तबकडीवर तीन मिनिटांत आटोपावे लागे. असे असूनही अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी ऐकताना काही राहून गेले असे वाटत नाही. खाँसाहेबांनी मैफिलीचा तुकडा तोडून दिलेला नाही. तीन मिनिटांचा स्वतंत्र हिशोब मांडलेला आहे.

पाश्चात्त्य जगात हा भेद बाजारपेठेनेच पक्का केला. १९४८ मध्ये अमेरिकेत लाँगप्ले तबकडी आली आणि १९४९ मध्ये ४५ फेऱ्यांची लहान तबकडी. लाँगप्लेवर अल्बम आणि लहान तबकडीवर 'सिंगल', अशी वाटणी झाली. रेडिओला जाहिरातींमध्ये बसणारी तीन मिनिटांची गाणी हवी असत. 'द डोअर्स' या वाद्यवृंदाचे १९६७ सालचे 'लाइट माय फायर' हे गाणे अल्बमवर सात मिनिटांच्या आसपास आहे; सिंगल काढताना ऑर्गन आणि गिटारचे दीर्घ वादन गाळून ते तीन मिनिटांच्या आत आणले गेले. येथे कात्रीच चालली आहे, हे दोन्ही रूपे लागोपाठ ऐकणाऱ्याला लगेच जाणवते. उलट १९६८ साली बीटल्सनी 'हे ज्यूड' सात मिनिटांहून अधिक लांबीचे असतानाही तसेच सिंगल म्हणून काढले आणि ते जगभर गाजले. तीन मिनिटांची मर्यादा तोवर यंत्राची राहिलेली नव्हती, सवयीची झाली होती.

आपल्याकडे हीच गोष्ट चित्रपटगीतांच्या बाबतीत घडली. पडद्यावर गाण्याच्या मध्ये संवाद येतात, कधी एखादे कडवे जास्त असते; रेडिओवर मात्र तबकडीवरचे गाणे वाजते. कधी याच्या उलटही होते. 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२) या चित्रपटासाठी हेमंतकुमारांनी गायिलेले एक गीत तबकडीवर राहिले, पण चित्रपटातून गाळले गेले. त्याच चालीला त्यांनी 'अनुपमा' (१९६६) मध्ये नवे शब्द घेऊन पुन्हा जन्म दिला. तबकडी नसती तर पहिले गीत कोणाच्या कानी पडले असते?

मात्र आम्हा मराठी माणसांच्या घरातले सर्वांत बोलके उदाहरण गीतरामायणाचे आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीने ग. दि. माडगूळकर यांची ही गीतमालिका सुरू केली. दर आठवड्यास एक नवे गीत, अशी वर्षभराहून अधिक काळ ५६ गीते प्रसारित झाली. संगीत सुधीर फडके यांचे. रामाची गीते बाबूजींनी गायिली, पण सीतेसाठी माणिक वर्मा होत्या. वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके, मालती पांडे, बबनराव नावडीकर असे कितीतरी गायक त्यात होते. म्हणजे रेडिओवरचे गीतरामायण हे श्राव्य नाटक होते. पुढे बाबूजींनी ते एकट्याने मंचावर गायिले आणि एच.एम.व्ही.ने त्यांच्याच आवाजात लाँगप्ले तबकड्यांचा संच काढला. हे दुसरे रूप म्हणजे कीर्तन. कीर्तनकार जसा एकटाच राम होतो, भरत होतो, शबरीही होतो, तसेच बाबूजी येथे होतात.

या दोहोंत श्रेष्ठ कोणते, हा वाद मला निरर्थक वाटतो. कुश-लव रामापुढे रामचरित्र गातात हा कवीचा आरंभच कथेकऱ्याच्या एका आवाजाला अनुकूल आहे. तथापि परिणाम विचारात घेण्यासारखा आहे. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर आमचे सावरगाव. प्रशासनाची भाषा हिंदी, घरातली मराठी. राज्य पुनर्रचनेनंतर जन्मलेल्या आमच्या पिढीला गीतरामायण भेटले ते तबकडी आणि कॅसेटमधूनच. आमच्यापैकी बहुतेकांना सीतेचे मूळ स्वर माणिक वर्मांचे होते हे ठाऊकच नाही. जे रूप विकत मिळते, तेच पुढच्या पिढीसाठी 'मूळ गाणे' होऊन बसते. जे केवळ प्रसारित झाले, ते ऐकणाऱ्यांबरोबर विरत जाते.

आज तबकडीची जागा मोबाइलने घेतली आहे. स्पॉटिफायसारख्या सेवेवर गाणे ३० सेकंद वाजले की ते 'ऐकले' म्हणून मोजले जाते. साहजिकच गाण्यांची प्रस्तावना आखूड होत चालली आहे. माझ्या दवाखान्यात लस टोचताना रडणाऱ्या बाळापुढे आई मोबाइल धरते. पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा संपतो, बोट सरकते, दुसरा सुरू होतो. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूरच ठेवण्यास सांगितले आहे, हे मी त्या माऊलीला समजावतो. पण संगीताचा श्रोता म्हणूनही मला एक खंत वाटते. तीन मिनिटांच्या तबकडीत गाण्याला आरंभ, विस्तार आणि शेवट होता. या तुकड्यात शेवट नाहीच; थांबणे आहे. ही खरोखरीच मोडलेली गोळी आहे.

यावर उपाय घरातच आहे. अंगाईला ना सिंगल, ना अल्बम. आई एकच ओळ दहा वेळा म्हणते, कडवी विसरते, नवी जोडते, आणि बाळ झोपले की गाणे संपते. तिची लांबी ठरवणारा बाळ हाच एकमेव श्रोता. वजनानुसार मात्रा द्यावी, तशी ही गरजेनुसार दिलेली मात्रा होय. म्हणून सर्व व्यवसायबंधू-भगिनींना विनंती आहे: तपासणीच्या चिठ्ठीवर औषधे लिहून झाली की आई-आजीला एक वाक्य आवर्जून सांगावे, "बाळाला रोज स्वतःच्या आवाजात गाणे म्हणा." आणि आपल्यासाठी, पुढील रामनवमीला मुलानातवंडांना जवळ घेऊन गीतरामायणातील एखादे गीत पहिल्या ओळीपासून शेवटच्या कडव्यापर्यंत, मध्ये न थांबता ऐकावे. त्यानंतर ते मूळ कोणी गायिले होते, तेही त्यांना सांगावे.