साडेसोळा मिलिमीटरवरून धावणारी वीज

एचओ मापाच्या छोट्या रेल्वेचे दोन रूळ एकमेकांपासून साडेसोळा मिलिमीटरवर असतात. इंजिन खऱ्या इंजिनाच्या सत्त्याऐंशीपट लहान. त्याच्या डोक्यावर तार नसते, पोटात बॅटरी नसते. मोटर फिरवणारी वीज, पुढे जायचं की मागे यायचं हा हुकूम, वेग किती ठेवायचा याची आज्ञा, सगळं त्या दोन रुळांतून चाकांवाटे वर चढतं. मुंबईत १९२५ साली बोरीबंदरहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी धावली, तेव्हा वीज वरच्या तारेतून यायची आणि रूळ फक्त ती परत न्यायचे. टेबलावरच्या रेल्वेत जाणं आणि येणं दोन्ही रुळांनी वाटून घेतलेलं असतं. म्हणून पॉवर सप्लाय घेताना पहिला प्रश्न असतो तो हा, की रुळांतून नुसती ताकद पाठवायची की निरोपही?

साध्या डीसी पद्धतीत ताकद हाच निरोप. शून्य ते बारा व्होल्ट. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो. इंजिनाच्या तोंडाच्या दिशेने पाहिलं तर उजवा रूळ धन असताना गाडी पुढे जाते आणि ध्रुव उलटवले की मागे येते. एका गाडीसाठी यापेक्षा सुंदर रचना सुचणार नाही. कंट्रोलर मात्र पारखून घ्यावा, कारण स्थिर इंजिनाचं घर्षण चालत्या इंजिनापेक्षा जास्त असतं. हळूहळू व्होल्ट चढवले तर इंजिन बराच वेळ ढिम्म राहतं आणि मग एकदम झेप घेतं. चांगला कंट्रोलर विजेचे छोटे छोटे ठोके देतो. प्रत्येक ठोका मोटरला हलवण्याइतका जोरकस, पण अगदी क्षणभराचा. त्यामुळे मालगाडी फलाटावरून खऱ्यासारखी रेंगाळत निघते.

अडचण दुसरं इंजिन रुळांवर ठेवलं की सुरू होते. रूळ एकच, व्होल्ट एकच, तेव्हा दोघंही एकदम पळतात. यावर जुना उपाय म्हणजे रूळ विजेपुरते तुकड्यांत तोडायचे आणि प्रत्येक तुकडा हव्या त्या कंट्रोलरला स्विचने जोडायचा. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९४६ च्या सुमारास सुरू झालेल्या टेक मॉडेल रेलरोड क्लबच्या मुलांनी या जोडणीसाठी टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले वापरले. टेबलाखालच्या त्या तारांच्या जंगलात रमलेली मुलं पुढे संगणकाकडे वळली, आणि १९६२ चा ‘स्पेसवॉर’ हा सुरुवातीचा संगणकीय खेळ याच मंडळींच्या हातून घडला. कोणत्या गाडीला कोणती वीज द्यायची, हा प्रश्न माणसाला कुठवर नेऊ शकतो!

आज त्याच प्रश्नाचं उत्तर डीसीसी नावाच्या पद्धतीत आहे. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीने ती विकसित केली आणि १९९० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने तिला प्रमाण मानलं. इथे रुळांवर पूर्ण ताकद कायम असते, एचओसाठी साधारण पंधरा व्होल्ट. फक्त दोन रुळांचे ध्रुव सेकंदाला हजारो वेळा आपसात बदलत राहतात, आणि त्या बदलण्याच्या लयीतच निरोप दडलेला असतो. अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असली तर तो अंक एक. १०० किंवा जास्त असली तर शून्य. असे अंक ओळीने जातात. आधी सावध करणाऱ्या ‘एक’ अंकांची रांग, मग इंजिनाचा पत्ता, मग आज्ञा, शेवटी पडताळणीचा आकडा. प्रत्येक इंजिनातला डिकोडर सगळे निरोप ऐकतो आणि फक्त आपला पाळतो. नव्या डिकोडरचा पत्ता बहुधा ३ असतो. आणि मोटर फिरते ती याच लाटेवर! निरोप वाहणारी वीज आणि ओझं ओढणारी वीज वेगळी नाहीच.

आता अँपियरकडे. पाच अँपियरचा सप्लाय इंजिनात पाच अँपियर ढकलत नाही; इंजिन लागेल तेवढीच वीज ओढतं. हल्लीच्या एचओ इंजिनाला चालताना साधारण अर्धा अँपियर पुरतो, आवाज आणि दिवे असले तर थोडा जास्त. चार इंजिनं एकदम धावणार असतील तर दोन अँपियर, वर डब्यांतले दिवे, वर थोडी सवड. म्हणजे तीन-साडेतीन अँपियर घरच्या टेबलाला भरपूर झाले. त्याहून मोठा सप्लाय घ्यायचा मोह मी आवरायला सांगेन. पंधरा व्होल्ट आणि पाच अँपियर म्हणजे पंचाहत्तर वॅट. डबा रुळावरून घसरून शॉर्ट झाला आणि सप्लाय तुटला नाही, तर तीन घरगुती सोल्डरिंग आयर्नची उष्णता एका चाकावर एकवटते आणि त्याचं प्लॅस्टिक वितळतं.

सप्लाय तुटतो की नाही, हे कळण्यासाठी नाणं घ्यायचं. सप्लायपासून सर्वांत लांबच्या टोकाला ते दोन्ही रुळांवर आडवं ठेवायचं. ब्रेकर लगेच पडला पाहिजे. नाही पडला तर दोष बहुधा तारांचा असतो. दहा मीटर लांब टोकापर्यंत वीज जाऊन-येऊन वीस मीटर तार कापते. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत पाच अँपियरला जवळपास १.८ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, अडीचच्या तारेत पाऊण व्होल्ट. निकेल-सिल्व्हरचे रूळ तर वीज नेण्यात तांब्यापेक्षा कितीतरी कमजोर. एवढा विरोध वाटेत साठला की शॉर्टचा प्रवाहही मर्यादेत राहतो आणि ब्रेकरला ती नेहमीचीच गाडी वाटते. म्हणून टेबलाखालून जाड तार न्यायची आणि थोड्या थोड्या अंतरावर रुळांना जोड द्यायचे.

सांधे बदलणाऱ्या कॉइलला क्षणभरासाठी जोराचा झटका लागतो, तेव्हा त्यांना वेगळा सप्लाय द्यावा. मधे कपॅसिटर असला तर तो सावकाश भरतो आणि एकदम रिता होतो. बटण अडकून राहिलं तरी कॉइल जळत नाही. या कामासाठी अनेकजण जुने सोळा व्होल्ट एसीचे ट्रान्सफॉर्मर वापरतात. अशा दोन ट्रान्सफॉर्मरचे आउटपुट कधीच एकत्र जोडू नयेत. तसे जोडून एकाचा प्लग बोर्डातून काढला, तर चालू असलेल्याचे सोळा व्होल्ट बंद असलेल्याच्या आउटपुटमधून उलटे शिरतात. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो, त्यामुळे हातातल्या प्लगच्या उघड्या पिनांवर २३० च्या आसपास व्होल्ट येऊन उभे राहतात. ताकद कमी पडत असेल तर टेबलाचे दोन विभाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर द्यावा.