सुरांचा थांग

मनातल्या मनात पाच वेळा घोकून मी एकदाची म्हणाले, "मला थांग हवं." काउंटरपलीकडच्या बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं, जरा विचार केला आणि बरणीतून दोन लिमलेटच्या गोळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या.

मला हवं होतं सूप. चिनी भाषेत सूप म्हणजे 'थांग' आणि साखर किंवा गोळी म्हणजेही 'थांग'. फरक फक्त सुराचा. सूप मागताना आवाज वर ठेवायचा आणि सरळ धरायचा. गोळी मागताना खालून सुरू करून वर न्यायचा. मी खालून सुरू केलं होतं. का, ते त्या बाईंना माहीत असायचं काही कारण नव्हतं. मला मात्र पक्कं माहीत होतं.

ही गोष्ट २०१८च्या जुलैमधली. बीजिंगमधल्या एका विद्यापीठात भाषा, संस्कृती आणि संगीत अशा चार आठवड्यांच्या अभ्यासवर्गाला मी गेले होते. वय वर्षं बावन्न. वर्गात माझ्या खालोखाल वयाची मुलगी सत्तावीसची!

त्याआधी वीस वर्षं मी सांगलीत गाण्याचे वर्ग घेत होते. पट्टी काळी पाच. वरच्या षड्जावर आवाज कसा ठरायचा, याचा मला थोडा गर्वच होता म्हणा ना. २०१६ मध्ये थायरॉइडचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्राच्या नसा थायरॉइडला अगदी लागून जातात, त्यामुळे आवाजावर परिणाम होऊ शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बोलण्याचा आवाज काही महिन्यांत परत आला. वरचे सूर मात्र आले नाहीत. पंचमाच्या पुढे गेलं की आवाज फाटायचा. मी वर्ग बंद केला, तंबोऱ्यावर गवसणी चढवली. "जरा विश्रांती घेतेय," असं लोकांना सांगत राहिले.

माझी लेक पुण्यात नोकरीसाठी चिनी शिकत होती. म्हणाली, "आई, आवाज गेला असेल, कान तर आहेत ना? ही भाषा कानाची आहे. चल माझ्याबरोबर." तिच्या हट्टापायी मी वर्षभर शनिवार-रविवार सांगली-पुणे केलं. पुढे या अभ्यासवर्गाचा अर्जही तिनेच भरला. जाताना मात्र मी एकटीच होते.

पहिले काही दिवस मी चक्क हुशार विद्यार्थिनी ठरले. श्रेय आपल्या मराठीचं! 'प' आणि 'फ', 'त' आणि 'थ', 'क' आणि 'ख' यांतला फरक चिनीत फार महत्त्वाचा. वर्गातली युरोप-अमेरिकेतली मुलं तोंडासमोर कागद धरून, तो फुंकरीने हलतो का, ते बघत बसायची. आपण तर हे बालवाडीपासून म्हणत आलोय. आपल्या 'चहा'तला 'च' वेगळा आणि 'चाक'मधला वेगळा. हा दुसरा 'च' चिनीत जसाच्या तसा आहे!

नात्यांचंही तसंच. काका वेगळा, मामा वेगळा, आत्या वेगळी, मावशी वेगळी. सगळ्यांना एकाच 'अंकल-आंटी'त कोंबणाऱ्या मुलांनी डोक्याला हात लावला होता. आमच्या वसतिगृहात साफसफाई करणाऱ्या बाईंना सगळे 'आयी' म्हणायचे. शब्दाचा अर्थ मावशी. आपण कामाच्या बाईंना मावशी म्हणतो, अगदी तस्संच. त्या रोज सकाळी माझा थर्मास गरम पाण्याने भरला आहे ना, हे बघून जायच्या. थंड पाणी पिताना दिसले की रागावायच्या. मला आजोळी आल्यासारखं वाटायचं.

घोडं अडलं ते सुरांवर. चिनी प्रमाणभाषेत चार मुख्य सूर. पहिला उंच आणि सरळ. दुसरा खालून वर चढणारा, आपण फोनवर ऐकू न आल्यावर "काय?" म्हणतो तसा. तिसरा खाली बुडी मारणारा. चौथा वरून धाडकन खाली, मुलाला "बस!" म्हणून दटावतो तसा. दुसरा, तिसरा, चौथा मला पटकन जमले. पहिला काही केल्या जमेना. वर जायचं म्हटलं की गळाच आवळायचा. दोन वर्षांची भीती ती. मग मी खालून सुरू करून हळूच वर सरकायचे आणि पहिल्याचा दुसरा व्हायचा. सुपाची गोळी व्हायची.

आमच्या लाओशी, म्हणजे बाई, साधारण माझ्याच वयाच्या. एक दिवस तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. मी मोडक्यातोडक्या चिनीत आणि उरलेलं इंग्रजीत ऑपरेशनचं सांगून टाकलं. "मला उंच सूर लागत नाही," म्हटलं. त्यांनी फळ्यावर एक उभी रेघ काढली आणि तिच्यावर एक ते पाच आकडे घातले. युआनरेन चाओ या भाषाशास्त्रज्ञाने ही पद्धत १९३० मध्ये मांडली. ते स्वतः संगीतकारही होते. या मापात पहिला सूर म्हणजे 'पाच-पाच', दुसरा 'तीन-पाच', तिसरा 'दोन-एक-चार', चौथा 'पाच-एक'.

मग त्यांनी विचारलं, "हा पाच म्हणजे पियानोची कुठली पट्टी?" मी गप्प. त्या हसल्या. "कुठलीच नाही. माझ्या आजोबांचा पाच वेगळा, माझ्या नातीचा वेगळा. तुमच्या बोलण्यात वरचा सूर जो असेल, तोच तुमचा पाच. तुम्ही कुणाचा पाच शोधताय?"

कुणाचा म्हणजे? माझाच की. चाळिशीतला, काळी पाचमधला!

अहो, वीस वर्षं मुलींना मी हेच तर शिकवत होते. षड्ज कुठे ठेवायचा, ते आपल्या गळ्याने ठरवायचं. गंगूबाई हनगलांचा आवाज घशाच्या उपचारांनंतर बदलला आणि त्याच भारदस्त आवाजाने त्यांनी पुढची मैफल गाजवली, हेही मी वर्गात कौतुकाने सांगायचे. दुसऱ्यांना सांगणं सोपं असतं.

दुपारी संगीताचा तास असायचा. वाद्य होतं गुझेंग. उच्चार 'कू-चंग'च्या जवळ जाणारा. लांबलचक लाकडी पेटीवर एकवीस तारा आणि प्रत्येक तारेखाली सरकवता येणारी घोडी. बोटांना चिकटपट्टीने नख्या बांधायच्या. पहिल्या दिवशी मी नुसता हात फिरवला आणि दचकलेच. सा रे ग प ध! सगळं वाद्यच भूपात लावलेलं. मध्यम आणि निषादाला स्वतंत्र तारच नाही. ते हवे असतील तर घोडीच्या डावीकडे तार दाबून गंधारातून मध्यम काढायचा, धैवतातून निषाद. आपली मींडच जणू.

स्वरलिपीही ओळखीची निघाली. सा रे ग म ऐवजी १ २ ३ ४. वरच्या सप्तकाला डोक्यावर टिंब, खालच्याला पायाशी. भातखंड्यांच्या लिपीत असतं तसंच. आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं, '१' म्हणजे कुठली पट्टी. ती बदलली तरी गाण्याचे आकडे तेच राहतात.

जुन्या चिनी संगीतशास्त्रात या पाच स्वरांपैकी कोणताही आधारस्वर मानता येतो आणि त्या प्रत्येक रचनेला वेगळं नाव आहे. म्हणजे आपल्या मूर्च्छनाच! सरावाच्या खोलीत मी एकटीच करून बघत बसले. पंचमाला सा मानलं, दुर्गा आला. धैवताला सा मानलं, धानी. गंधाराला मानलं आणि समोर मालकंस उभा! एकही तार हलवली नव्हती. फक्त सा सरकवला होता. त्या संध्याकाळी जेवणाची वेळ कधी टळून गेली, कळलंच नाही.

संस्कृतीच्या तासाला पेकिंग ऑपेरातले मेई लानफांग पडद्यावर पाहिले. जन्म १८९४चा. आयुष्यभर स्त्रीभूमिका गाजवल्या आणि १९३० मध्ये अमेरिकेचा दौराही केला. आपल्या बालगंधर्वांचे ते जवळजवळ समवयस्क. मी वर्गात बालगंधर्वांबद्दल सांगितलं, तर लाओशींनी फळ्यावर दोघांची नावं शेजारी-शेजारी लिहिली. ऊर भरून आला हो!

शेवटच्या रविवारी सकाळी मी जिंगशान बागेत गेले. राजवाड्याच्या अगदी मागे, टेकडीवरची बाग. तिथे निवृत्त मंडळी जमून गातात, असं ऐकलं होतं. झाडांमध्ये दोरी बांधून गाण्याचे मोठाले कागद लटकवलेले. वर आकडे, खाली चिनी अक्षरं. एक आजोबा अ‍ॅकॉर्डियन वाजवत होते आणि भोवती चाळीसेक बायका-पुरुष. गाणं सुरू झालं, दुसऱ्या ओळीला वर चढलं आणि बायकांची पहिली रांग एकदम ओरडली, "थाइ काओ ल!"

म्हणजे, 'फारच उंच आहे हो!'

मला वाटलं, आता आजोबा रागावणार. ते नुसते हसले आणि दोन स्वर खाली उतरून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. कुणी ओशाळलं नाही, कुणी कुणाची माफी मागितली नाही. तेच गाणं, तेच आकडे. सगळ्याजणी आता मोकळ्या गळ्याने गायला लागल्या.

मी मागच्या रांगेत उभी होते. अक्षरं वाचायला वेळ लागत होता, म्हणून आकडे बघून सरगमच म्हणायला लागले. आधी ओठांतल्या ओठांत. मग जरा मोठ्याने. वरचा सूर आला. काळजात धस्स झालं. पण लागला. जाडसर, थोडा खरखरीत, माझ्या ओळखीचा नसलेला. पण सुरात. शेजारच्या आयींनी माझ्याकडे वळून अंगठा वर केला. डोळे पुसायला रुमाल शोधेपर्यंत गाणं संपलंसुद्धा.

निघायच्या आदल्या दिवशी त्याच खाणावळीत गेले. "थांग," म्हटलं. उंच आणि सरळ. माझ्या उंचीचं. टोमॅटो-अंड्याच्या सुपाचा वाफाळता वाडगा समोर आला. बाई ओळखून होत्या बहुतेक. वाडग्याशेजारी दोन गोळ्याही ठेवल्या.

सांगलीला आल्यावर पहिलं काम केलं ते गवसणी काढण्याचं. तारा बदलल्या आणि तंबोरा काळी तीनमध्ये लावला. काळी पाच परत आली नाही, येणारही नाही. त्याचं वाईट आजही वाटतं. खोटं कशाला बोलू? पण वर्ग पुन्हा सुरू झालाय. लहान मुलींचा आहेच, शिवाय बुधवारी दुपारी पन्नाशी उलटलेल्या आठजणी येतात. कुणाचा आवाज पाळी थांबल्यावर उतरलेला, कुणी लग्नानंतर तीस वर्षांनी तोंड उघडलेलं. मध्येच एखादी थांबते आणि संकोचून म्हणते, "बाई, नाही चढत हो सूर."

मी म्हणते, "थाइ काओ ल!" आता सगळ्यांना अर्थ पाठ झालाय. सगळ्या हसतात आणि मी पेटीवर पट्टी खाली घेते.