उलव्याचा डोंगर अजून उभा आहे

फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' हे अमेरिकी स्पेस शटल अकरा दिवस पृथ्वीभोवती घिरट्या घालत होतं. रडारचा एक अँटेना त्याच्या पोटात होता आणि दुसरा बाहेर काढलेल्या ६० मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला. जमिनीवरून परतणारी लहर दोन्ही अँटेनांपाशी किंचित वेगळी पोचते आणि त्या फरकावरून उंची काढता येते. ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातली, म्हणजे जगातली सुमारे ८० टक्के जमीन त्या अकरा दिवसांत मोजली गेली. त्यात कळसूबाई आली, वरंधा घाट आला, आंबोली आली. अमेरिकी सरकारी कामावर तिथल्या कायद्यानुसार स्वामित्वहक्क नसतो, त्यामुळे एसआरटीएम नावाची ही माहिती पुढे साऱ्या जगाला मोफत मिळाली.

या मोफत सह्याद्रीवरून घरबसल्या विमान उडवायचं असेल तर 'फ्लाइटगिअर' हा सिम्युलेटर उतरवून घ्यावा. तोही मोफतच. बाजारातले सिम्युलेटर बंद पेटीतले, त्यात काय बदलायचं ते कंपनी ठरवणार, तेव्हा उडणाऱ्यांनीच आपला एक बांधावा असा प्रस्ताव डेव्हिड मर यांनी १९९६ मध्ये इंटरनेटवर मांडला. १९९७ मध्ये कर्टिस ओल्सन यांच्या पुढाकाराने पहिली चालती आवृत्ती आली. विमान हवेत कसं वागतं याचं गणित सुरुवातीला नासाच्या लँग्ली केंद्रातल्या ब्रूस जॅक्सन यांच्या 'लार्कसिम'मधून घेतलं होतं. पुढे जॉन बर्न्ट यांचं 'जेएसबीसिम' आलं. सगळा कोड जीपीएल परवान्याखाली खुला आहे. हा परवाना विक्रीलाही आडकाठी करत नाही. त्यामुळे हाच प्रोग्राम नाव बदलून, चकचकीत जाहिरात करून विकणारेही निघाले. फुकटची वस्तू पैसे मोजून घेणारं गिऱ्हाईक त्यांना मिळालं, याचं मला नवल वाटत नाही.

विमानाचं गणित एकदा जमलं की जगात कुठेही चालतं. जमिनीचं तसं नाही. ती प्रत्येक ठिकाणी वेगळी असते आणि शिवाय बदलत राहते. फ्लाइटगिअरची सीनरी म्हणजे पृथ्वीचा फोटो नव्हे. उंची एकीकडची, जंगल-शेती-पाण्याच्या हद्दी दुसरीकडच्या, धावपट्ट्या तिसरीकडच्या. 'टेरागिअर' नावाचा प्रोग्राम हे थर एकत्र शिवतो. पृथ्वीचे त्याने चौकोन पाडलेत. आपल्या अक्षांशावर प्रत्येक चौकोन अंशाच्या अष्टमांशाचा, म्हणजे तेरा-चौदा किलोमीटरचा. हे चौकोन एकेका अंशाच्या फोल्डरमध्ये ठेवलेले असतात. सांताक्रूझचा विमानतळ 'ई०७२एन१९' या फोल्डरात सापडतो, तर खाडीपलीकडचा नवी मुंबईचा 'ई०७३एन१८'मध्ये.

प्रत्येक थराची खोड वेगळी आहे. जमिनीच्या वापराची माहिती बराच काळ 'व्हीमॅप-झिरो' या अमेरिकी लष्करी नकाशातून येत असे. त्याचं प्रमाण दहा लाखांस एक, म्हणजे नकाशावरचा मिलिमीटर जमिनीवर किलोमीटर होतो. त्यात माहीमच्या खाडीचं काय होणार! उंचीचे बिंदू सुमारे ९० मीटरांच्या अंतरावर. संगणकावरचा भार कमी व्हावा म्हणून त्यातलेही पुष्कळ गाळून उरलेल्यांचे त्रिकोण जोडले जातात. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा या पद्धतीत उभाच राहू शकत नाही. एका जागेला एकच उंची असं हे कोष्टक, आणि कोकणकडा तर आत वळलेला. पडद्यावर त्याचा उतार होतो. ज्याने कड्याच्या टोकावर पोटावर पडून खाली पाहिलंय, त्याला तो उतार बघवत नाही.

पण सगळ्यांत बोलका मासला उलव्याचा. नवी मुंबईच्या विमानतळासाठी तिथली सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून उतरवली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला. भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झालं, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. एन्डेव्हरच्या रडारने मात्र ती टेकडी शाबूत असताना पाहिली. त्या उंचीवर नव्या धावपट्टीची आखणी टाकली, तर उशीवर चादर पसरावी तशी ती टेकडीवर चढते. टेरागिअर विमानतळापुरती जमीन गुळगुळीत करून घेतं खरं, पण लहानसहान खाचखळगे बुजवण्यासाठीचं गणित अख्खी टेकडी कशी पचवणार? युरोपची 'कोपर्निकस' ही नवी, बारीक उंचीही मोफत आहे. पण ती ज्या जर्मन उपग्रहांवरून घेतली त्यांचं मोजमाप २०११ ते २०१५ या काळातलं, म्हणजे त्यातही टेकडी आहेच. सीनरी करणाऱ्याला तेवढ्या भागाची उंची हाताने खाली आणावी लागते. संगणकात का होईना, डोंगर पुन्हा एकदा फोडायचा.

सह्याद्रीची उंची परदेशी यानाकडून का घ्यावी लागते, हा प्रश्न इथे पडायलाच हवा. सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ पासूनची संस्था. तिचे नकाशे बारीक आणि विश्वासाचे. पण २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन मालिका केल्या. नकाशे आणि अशी माहिती तयार करण्यासाठीच्या पूर्वपरवानगीची अट भारतीय कंपन्या-संस्थांसाठी उठली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये. तोवर जगभरच्या हौशी मंडळींनी आपले घाट अमेरिकी रडारवरून उभे करून टाकले होते. सुरक्षेची काळजी समजते. पण जी उंची कोणालाही उतरवून घेता येत होती, तिच्यावर कुलूप कशासाठी ठेवलं होतं, हे मला पटलेलं नाही.

डोंगर उभे करण्याच्या मानाने त्यांच्यावर वस्तू ठेवणं सोपं. 'ब्लेंडर' या प्रोग्राममध्ये इमारतीचं मॉडेल करायचं, फिरणारे भाग असतील तर त्यांचं वर्णन एक्सएमएल फाइलीत लिहायचं. मग त्या चौकोनाच्या एसटीजी फाइलीत एक ओळ टाकायची: कुठलं मॉडेल, रेखांश, अक्षांश, उंची, तोंड कोणत्या दिशेला. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांसाठी मॉडेल एकच पुरतं, प्रत्येकीला फक्त आपली ओळ. परवान्याची शिस्त मात्र कडक. गूगलच्या उपग्रहचित्रावरून भिंतीचा पोत उचललेला चालत नाही. जुहूच्या विमानतळाची इमारत हवी असेल तर तिचा फोटोही परवान्यात बसणाराच हवा.

शहर एकेक इमारत करून भरत नाही. त्यासाठी 'ओएसएमटूसिटी' आहे. स्वयंसेवकांनी 'ओपनस्ट्रीटमॅप'वर काढलेले इमारतींचे आराखडे वाचून हा प्रोग्राम त्यांच्या भिंती आणि छपरं उभी करतो. जर्मनीत आराखडे काढणारे हात पुष्कळ, म्हणून तिथली लहान गावंही भरलेली दिसतात. आपल्याकडे आराखडा असला तरी मजल्यांचा रकाना पुष्कळदा रिकामा असतो. तिथे प्रोग्राम आसपासची वस्ती पाहून अंदाज बांधतो. मग लालबागेत तीन मजली चाळ आणि तिच्या शेजारचा पन्नास मजली टॉवर एकाच उंचीचे उगवण्याची शक्यता असते. हा रकाना भरायला ब्लेंडर येण्याची गरज नाही, विमान चालवता येण्याचीही नाही. समोरच्या फुटपाथवर उभं राहून मजले मोजायचे आणि आकडा नकाशात टाकायचा. पुढच्या वेळी कोणी त्या चौकोनाची बांधणी केली की टॉवर आपल्या उंचीला जातो आणि चाळ आपल्या.